विसापूरचे शेवटचे न्हाणे

नाणे मावळातल्या वडिवळ्याहून कामशेतकडे उतरताना नैर्ऋत्येला एक लांबट, सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. हा विसापूर. त्याच्या पलीकडे विंचूकाट्याची शेपटी पसरून बसलेला लोहगड. पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नसते आणि विसापूरचा तट मात्र धुक्यात बराचसा मोकळा असतो. ज्याला दगडी तटावरून, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला गवताळ पठार ठेवून, घटका-दोन घटका निवांत चालायचे आहे, तो मळवलीला उतरून भाज्याच्या ओढ्यातून किंवा पाटण गावाकडून वर चढतो. मुंबईच्या कोटाची भिंत १८६०च्या दशकात पाडली गेली. तिच्यासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी राखलेली जमीन तेवढी आज ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानाच्या रूपाने उरली आहे. पेशवाईतल्या पुण्याच्या पेठांभोवती तर तट उभा राहिलाच नाही. म्हणून तटावरून फिरण्याची हौस या दोन्ही शहरांतल्या माणसांना मावळात आणते.

तटाच्या माथ्यावरून, आतल्या अंगाने पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी जी वाट ठेवतात तिला जुना शब्द आहे: फांजी. म्हणजे ही वाट मुळात चालण्यासाठीच आहे. पण रात्रीच्या गस्तीसाठी, नोकरी म्हणून चालण्यासाठी. विसापूरच्या फांजीवरचा गस्तीचा पाय थांबला आणि तिथे गवत वाढले, हे नेमके कधी? या लेखाचा शोध एवढ्याच प्रश्नाचा आहे. त्यासाठी जे कागद हाताशी आहेत ते चार-पाच आहेत, एकमेकांपासून दूरच्या काळातले आहेत आणि त्यांतला एकही या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिलेला नाही.

सुरुवात तटाच्या वयापासून करावी लागते. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली १८८५ साली निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या पुणे खंडात विसापूरची बांधणी पेशवा बाळाजी विश्वनाथ याच्याकडे दिली आहे. बाळाजीला पेशवाईची वस्त्रे १७१३च्या अखेरीस मिळाली आणि १७२०मध्ये तो वारला. गडांच्या बहुतेक पुस्तकांत, फलकांवर आणि माहितीपत्रकांत पुढे हाच काळ छापला गेला. पण त्याआधीच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की गडबड सुरू होते.

पहिली यादी इतिहासकार फिरिश्त्याची. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या शेवटी या डोंगराळ मुलखातले किल्ले घेतले, त्यांची नावे फिरिश्त्याने दिली आहेत. त्यांत लोहगड आहे, तुंग आहे, तिकोना आहे, कोरीगड आहे. विसापूर नाही. लोहगड आणि विसापूर यांच्यामध्ये केवळ गायमुखाची खिंड आहे आणि विसापूर दोघांत उंच आहे. तिथे त्या वेळी शिबंदी असती तर लोहगड घेणाऱ्याला तो आधी घ्यावा लागला असता. तरीही यादीतले मौन हा पुरावा म्हणून अर्ध्या किमतीचा धरावा. लिहिणारा शंभर वर्षांनी, विजापुरात बसून लिहीत होता. जोडकिल्ल्यांपैकी प्रसिद्ध तेवढाच नोंदवावा, हेही त्याच्या हातून होण्यासारखे आहे.

दुसरी यादी जास्त वजनाची, कारण ती करारातली आहे. जून १६६५मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि मिर्झाराजा जयसिंग यांच्यात तह झाला. त्यात चार लाख होनांच्या मुलखासह २३ किल्ले मोगलांना द्यायचे ठरले आणि बारा किल्ले महाराजांकडे राहिले. जयसिंगाच्या मुनशीने जपलेल्या फार्सी पत्रव्यवहारावरून ती यादी आपल्याला माहीत आहे. तीत लोहगडापाठोपाठ नाव येते इसागड, आणि त्यानंतर तुंग-तिकोना. क्रम पाहा: लोहगड, इसागड, तुंग, तिकोना. यादी करणारा पवन मावळातून ओळीने चालला आहे. लोहगडाच्या जोडीला या यादीत बसेल असा डोंगर एकच आहे.

पण इसागड म्हणजे विसापूर हे नुसत्या क्रमावरून मान्य करायचे का? इथे मदतीला येतात इंग्रज. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लिखाणात हा किल्ला ‘इसापूर’ अशा उच्चाराने उतरतो. फार्सी लिहिणारा मुनशी आणि इंग्रजी लिहिणारा फौजी अधिकारी, दीडशे वर्षांच्या अंतराने, दोघेही सुरुवातीचा ‘व’ गाळतात. दोघांच्याही कानात एकच चूक कशी शिरावी? मला वाटते, ती चूक नव्हतीच. मावळातला माणूस विहिरीला इहीर म्हणतो, विठोबाला इठोबा, विस्तवाला इस्तू. तो विसापूरला इसापूरच म्हणणार. मुनशीने आणि साहेबाने ऐकले ते जसेच्या तसे लिहिले. वाटाड्या दोघांचाही मावळीच असणार. एवढ्यावरून मी इसागड हा विसापूर धरतो. क्रम आणि उच्चार, दोन स्वतंत्र वाटांनी आलेले साक्षीदार एकाच दारात येऊन उभे राहतात.

जयसिंगाच्या या स्वारीत, तहाच्या आधी, मोगल तुकड्यांनी लोहगड-विसापूरच्या पायथ्याची गावे जाळल्याच्या नोंदीही त्याच पत्रव्यवहारात आहेत. तेव्हा १६६५मध्ये विसापूर नावाचा किल्ला होता, शिबंदीसह होता, तहात देण्याइतका मोलाचा होता. हे निश्चित. मग बाळाजी विश्वनाथाने बांधला म्हणजे काय? गॅझेटियर साफ चुकले असे म्हणण्यापेक्षा मी जरा वेगळी मांडणी करीन. १७१३मध्ये कान्होजी आंग्रे घाट चढून आले, त्यांनी लोहगड घेतला आणि शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे याला कैद केले. त्याच्या जागी बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला आणि ८ फेब्रुवारी १७१४ रोजी लोणावळ्याच्या परिसरात त्याने आंग्र्यांशी समेट केला. आपल्याला पेशवाई मिळवून देणारा पेच ज्या डोंगराच्या सावलीत सुटला, त्या डोंगराच्या शेजाऱ्यावर नव्या पेशव्याने तट चढवणे, जुना तट मजबूत करणे, हे अगदी संभवते. म्हणजे किल्ला जुना, तटाचा बराच भाग बाळाजीच्या काळातला. हे अनुमान आहे, पण दोन्ही कागदांना खोटे न पाडणारे अनुमान आहे.

आता या तटाचे रोजचे जीवन. त्यासाठी जो कागद मी पुढे ठेवतो आहे तो विसापूरचा नाही, आणि हे आधीच सांगायला हवे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र साधारण १७१५-१६चे, म्हणजे बाळाजी विश्वनाथाच्या पेशवाईच्या ऐन मध्यातले. पण ते कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेले, शाहूच्या विरोधी दरबारातले. पेशव्याच्या गडकऱ्याने ते वाचण्याचा प्रश्न नव्हता. असे असले तरी अमात्य शिवकाळापासूनची रीत लिहून ठेवत होते, नवे शास्त्र रचत नव्हते. दोन्ही दरबारांतले गडकरी त्याच रीतीत वाढलेले होते.

आज्ञापत्रात गडावरच्या हिरवाईबद्दल दोन सूचना आहेत आणि त्या एकत्र वाचण्यासारख्या आहेत. एकीकडे अमात्य सांगतात की गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी मोठी झाडे आणि लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे, वेलीसुद्धा मुद्दाम लावावीत आणि जपावीत. प्रसंगी लाकूड हाताशी असावे हा त्यात हिशेब. गडाच्या घेऱ्यातली झाडीही राखायची. दुसरीकडे तट मात्र बोडका हवा. तटात झाड उगवले की ते वेळच्या वेळी कापायचे, आणि तटावरचे व तटाखालचे गवत जाळून काढायचे. या कामाला शब्द आहे गड न्हाणणे. तान्ह्या मुलाला न्हाणावे तसा गड वर्षाकाठी न्हाणायचा, फक्त पाण्याऐवजी आगीने. कारण दोन. गवताच्या आडोशाने शत्रू तटाला भिडतो, आणि सांध्यात शिरलेले मूळ दगड सुटे करते.

हा शब्द सापडला तेव्हा माझा प्रश्न मला नीट विचारता आला. फांजीवरचा गस्तीचा पाय कधी थांबला हे कागदावर उमटण्याची शक्यता कमी, कारण गस्त ही रोजची गोष्ट. पण न्हाणे वर्षातून एकदा, ठरावीक ऋतूत. पावसाळ्यात गवत कमरेएवढे होते, दिवाळीनंतर पिवळे पडते, मार्गशीर्ष-पौषात पेट घेण्याजोगे होते. तेव्हा विसापूर शेवटचा कधी न्हाला? त्या वर्षापासून तट हिरवा व्हायला लागला.

इथे पेशवाईच्या उत्तरार्धाचा एक दगडी कागद पाहून पुढे जाऊ, कारण तो लोहगडावर आहे आणि त्याचा विसापूरशी संबंध अप्रत्यक्ष आहे. लोहगडावरच्या सोळाकोनी तळ्याला सगळे ओळखतात, बावेवरचा लेख कमी जण वाचतात. त्यात बाळाजी जनार्दन फडणीस, म्हणजे नाना, आणि त्यांचे विश्वासू धोंडो बल्लाळ नितसुरे यांची नावे आहेत आणि शके १७११, सौम्य संवत्सर असा काळ आहे. साठ संवत्सरांचे चक्र मोजून पाहिले तर शके १७११ला सौम्यच येते. लेख प्रामाणिक आहे. साल १७८९-९०. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले, त्यानंतर धोंडो बल्लाळने नानांच्या पत्नी जिऊबाई यांना लोहगडावर आसरा दिला. पुढे जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने गड पेशव्याकडे परत गेला आणि बाईंना १२ हजार रुपयांची नेमणूक मिळाली. म्हणजे शतक उलटताना लोहगडावर राबता होता, पैसा होता, बांधकाम होते. खिंडीपलीकडचा, लोहगडावर तोफ रोखू शकणारा विसापूर अशा काळात कोणी ओस सोडला नसेल. पण यात ‘नसेल’ हे क्रियापद माझे आहे, लेखाचे नाही.

मग येतो १८१८चा मार्च. पेशवा दुसरा बाजीराव याचे इंग्रजांशी युद्ध ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीला सुरू झाले. १७ नोव्हेंबरला पुणे गेले. फेब्रुवारीत सातारा गेला, २० तारखेला आष्टीला पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले, २ मार्चला सिंहगड उतरला. कोकणातून कर्नाळा घेऊन वर आलेला लेफ्टनंट कर्नल प्रोथर या वेळी मावळात होता. लोहगडाचा लौकिक मोठा म्हणून त्याला कुमक मिळाली. गॅझेटियरने आकडे दिले आहेत: ३८० गोरे, ८०० देशी शिपाई आणि किल्ले फोडण्याचा तोफखाना. ४ मार्चला विसापूर ताब्यात आला. दुसऱ्याच दिवशी लोहगडाच्या शिबंदीने गड सोडला.

या दोन दिवसांबद्दल आज जी गोष्ट सर्रास सांगितली जाते ती अशी की इंग्रजांनी विसापूरवर तोफा चढवल्या, तिथून लोहगडावर भडिमार केला आणि लोहगड पडला. गोष्ट ऐटबाज आहे. पण दिवस मोजा. विसापूर हाती आला ४ तारखेला, लोहगड सुटला ५ तारखेला. विसापूरचा माथा समुद्रसपाटीपासून १०८४ मीटर, म्हणजे लोहगडाहून सुमारे ५० मीटर उंच. भाज्याच्या ओढ्यातून रिकाम्या हाताने चढताना आपली जी अवस्था होते ती आठवा आणि तिथून बैल, दोर, गाडे लावून किल्लेफोडी तोफ एका दिवसात माथ्यावर नेण्याची कल्पना करा. हलकी एखादी तोफ नेली असेल, हे नाकारता येत नाही. पण मला जास्त खरे वाटते ते हे की तोफ चढवण्याची गरजच पडली नाही. विसापूरच्या तटावर लाल डगले दिसले, एवढे लोहगडाला पुरेसे होते. दोन दिवसांपूर्वी सिंहगड गेल्याची बातमीही तोवर पोहोचली असेल.

या वाचनाला तट स्वतः साक्ष देतो. गॅझेटियरात तटाचे वर्णन बारकाईने आले आहे. जिथे कडा सरळ तुटला आहे तिथे सुक्या दगडांचा छातीएवढा बांध, याहून जास्त काही नाही. जिथे चढून येण्यासारखे आहे तिथे दगडी तोंडाचा, सुमारे दहा फूट जाडीचा कठडा, आणि मधून मधून तोफ ठेवायला उंच ओटे. पश्चिम अंगाला बुरूज. कडा आणि माणूस यांनी काम वाटून घेतलेले दिसते, निसर्गाने जिथे तट बांधला तिथे पेशव्याने दगड वाया घालवला नाही. या वर्णनात तोफगोळ्यांनी पडलेल्या खिंडाराचा उल्लेख नाही. सुरुंगाने उडवले ते दरवाजे, कोकण दरवाजा आणि दख्खन दरवाजा दोन्ही, आणि तेही किल्ला हाती आल्यावर. लोहगडाचे दरवाजे शाबूत ठेवले गेले, तिथे १८४५पर्यंत एक अधिकारी आणि मूठभर शिपाई राहत होते. विसापूरवर कोणी राहिले नाही. गॅझेटियरवाल्यांना तिथे काही झोपड्या आणि बाकी सगळा उजाडा दिसला.

म्हणजे एकाच आठवड्यात हाती आलेल्या जोडीपैकी एकाला पुढे २७ वर्षे चाकरी मिळाली आणि दुसऱ्याची दारे उडवून त्याला मोकळे सोडले. कारण मला साधे दिसते. विसापूर मोठा होता, उंच होता आणि लोहगडाच्या मानेवर होता. दोन्ही राखायला माणसे लागतात, एक राखायचा तर दुसरा निकामी केला पाहिजे. तट पाडायला महिने लागले असते, दार उडवायला एक सकाळ पुरते.

गॅझेटियरात एक तोफ आहे, तिच्यापाशी मी जितका वेळ घालवला तितका घालवायला नको होता, पण राहवले नाही. पठाराच्या उत्तर टोकाला, कड्याजवळ, सुमारे दहा फूट लांबीची लोखंडी तोफ, तिच्यावर ट्यूडर घराण्याचे गुलाबाचे चिन्ह आणि मुकुट, आणि त्यांच्या दोन अंगांना ई आणि आर ही दोन अक्षरे. गॅझेटियर म्हणते, ही एलिझाबेथ राणीच्या काळची, बहुधा आंग्रे किंवा दुसऱ्या कोणा दर्यासारंगाने इंग्रजी जहाजावरून काढून पेशव्याला नजर केलेली. यातले ‘बहुधा’ जपून ठेवले पाहिजे. लॅटिनमध्ये राजा रेक्स आणि राणी रेजिना, दोघांचेही आद्याक्षर आर. तेव्हा ही अक्षरे एलिझाबेथची (१५५८–१६०३) असतील तशीच तिचा सावत्र भाऊ सहावा एडवर्ड (१५४७–१५५३) याचीही असू शकतात. इंग्लंडात एकसंध ओतीव लोखंडी तोफ १५४३पासून निघू लागली होती, त्यामुळे धातूवरूनही निकाल लागत नाही. एलिझाबेथचे राज्य ४५ वर्षांचे आणि एडवर्डचे सहा वर्षांचे, एवढ्या हिशेबाने पारडे राणीकडे झुकते. आंग्र्यांचा धागा मात्र मोहक आहे. तट आणि तोफ दोन्ही १७१४च्या त्याच समेटाकडे बोट दाखवतात असे म्हणायला जीभ शिवशिवते. पण जहाजावरची तोफ डोंगरावर यायला शंभर वाटा असतात, आणि गॅझेटियर लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक होते.

आपल्या शोधाला उपयोगी आहे ती तोफेची जखम. तोफ निकामी करायची सोपी रीत म्हणजे तिच्या कानात खिळा ठोकणे. पण खिळा पुढे काढता येतो. विसापूरच्या तोफेचे दोन्ही अंगांचे खुंट, ज्यांवर ती गाड्यात बसते, तोडलेले होते. खुंट गेले की तोफ गाड्यावर चढत नाही, नेम धरता येत नाही. हे काम घाईने पळणाऱ्याचे नाही, जिंकून झाल्यावर सावकाश केलेले आहे. दरवाजे आणि तोफ एकाच हाताने, एकाच हेतूने निकामी केलेली दिसतात. त्या हाताला तटावरच्या गवताशी काही देणेघेणे नव्हते.

१८१८नंतर विसापूरवर न्हाणे झाले नाही, एवढे आता म्हणता येते. न्हाणायला माणसेच नव्हती. गुराख्यांनी गवताला आग लावली असेल, सह्याद्रीत अजूनही लावतात, पण तो चाऱ्यासाठीचा वणवा. तो तटाच्या सांध्यातली मुळे काढत बसत नाही.

आज या तटावर कोण चालते याला कागदाची गरज नाही, कोणत्याही रविवारी मळवली स्थानकावर उभे राहावे. १४ जून १८५८ रोजी खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली आणि एप्रिल १८६३मध्ये बोरघाट जोडला गेला, तेव्हापासून मुंबईचा आणि पुण्याचा माणूस या पायथ्याशी एका दिवसात येऊन परत जाऊ शकतो. किल्ला आता केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. दोन्ही गडांवर दगड सावरण्याचे, वाटा मोकळ्या करण्याचे काम लोहगड-विसापूर विकास मंचाने वर्षानुवर्षे केले आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशांतले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. फिरिश्त्याच्या यादीत होते तसेच.

भाद्रपदात या तटावर सोनकी फुलते, तेरडा फुलतो, कारवी तिच्या वर्षाला निळी होते. ओलसर दगडांच्या फटींतून नेचे बाहेर येतात. फांजी चालणाऱ्याच्या पायाला मऊ लागते कारण ती गवताची आणि साठलेल्या मातीची झाली आहे. अमात्यांनी हे पाहिले असते तर गडकऱ्याला धारेवर धरले असते. तटावर फिरण्याची सोय इतरत्र लोकांनी दोन उलट रीतींनी केली आहे. इटलीतल्या ल्युक्का शहराभोवतीचा चार किलोमीटरहून लांब तट आतून मातीने भरलेला, वर रस्त्याएवढा रुंद. त्यावर झाडांच्या रांगा उभ्या आहेत आणि माणसे सायकली फिरवतात. तिथे डिसेंबर १८१७मध्ये मारिया लुइसा गादीवर आली आणि तिच्या राजवटीत तट सार्वजनिक फिरण्याची जागा झाला. म्हणजे ज्या हिवाळ्यात बाजीराव पळत होता त्याच हिवाळ्यात तिकडे हे घडायला सुरुवात झाली. चंद्रपूरला उलट. गोंडकालीन शहराच्या सुमारे ११ किलोमीटर परकोटावर झाडोरा इतका माजला होता की भिंत दिसत नव्हती. १ मार्च २०१७पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो कापून काढायला घेतला, दोनशे दिवस काम चालले, आणि मग लोक परकोट पाहायला, त्यावरून चालायला येऊ लागले. संस्थेला तो शब्द माहीत असो वा नसो, चंद्रपूरचा परकोट त्या वर्षी न्हाला.

विसापूरचा तट ल्युक्कासारखा मातीने भरलेला नाही. कड्याच्या बाजूला तर सुके दगडच आहेत, एकावर एक तोललेले. त्यात उंबराचे रोप शिरले की दगड हलतो. पश्चिमेकडचा जाड कठडा सोडला तर चालताना पाय कुठे टाकतो आहोत हे पाहावे लागते, आणि ढासळलेल्या दगडांची उतरण पाहिली की ती तोफगोळ्याची नाही, मुळांची आणि पावसाची आहे, हे कळते.

आता शेवटच्या न्हाण्याची तारीख. वरची मर्यादा पक्की आहे: ४ मार्च १८१८. त्या दिवसानंतर नाही. खालची मर्यादा ठरवायला १८१७च्या दिवाळीकडे जावे लागते. त्या वर्षीची आश्विन अमावस्या ९ नोव्हेंबरला होती. खडकीची लढाई तिच्या चार दिवस आधीची. म्हणजे युद्ध पेटले तेव्हा विसापूरच्या तटावरचे गवत नुकते पिवळे पडू लागले होते, अजून ओले होते. ते जाळण्याजोगे होईपर्यंत पुणे गेलेले होते, पेशवा सातारा-पंढरपूरच्या वाटेला लागला होता. अशा वेळी गडकरी काय करील? एक शक्यता अशी की शत्रू येणार या धास्तीने तो गड नेहमीपेक्षा नेटाने न्हाणील. दुसरी अशी की पगार थांबला, निम्मी शिबंदी घरी गेली, आणि उरलेल्यांना धूर करून खालच्या इंग्रजाला आपला पत्ता द्यायचा नव्हता. पहिली शक्यता खरी असेल तर शेवटचे न्हाणे मार्गशीर्ष-पौष शके १७३९, म्हणजे डिसेंबर १८१७ ते जानेवारी १८१८. दुसरी खरी असेल तर त्याआधीचे, १८१६-१७च्या थंडीतले.

निकाल एका गोष्टीवर लागला असता. प्रोथरची माणसे ४ मार्चला तटावर चढली तेव्हा त्यांच्या बुटांना राख लागली की कुसळे.